सहा हजार डॉलर आणि आठ गाणी

अमेरिकन गायिका अनिता बेकरचा १९८६ चा ‘रॅप्चर’ हा अल्बम बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या मुख्य यादीत पहिल्या दहांत कधी आलाच नाही. अकराव्या क्रमांकापर्यंत चढला आणि तिथून खाली उतरला. तरीही एकट्या अमेरिकेत त्याच्या पन्नास लाख प्रती गेल्याची अधिकृत नोंद आहे, आणि जगभरातला आकडा ऐंशी लाखांच्या घरात सांगितला जातो. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, तिचाच पुढचा अल्बम ‘गिव्हिंग यू द बेस्ट दॅट आय गॉट’ थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. त्याची अमेरिकेतली नोंद आहे तीस लाखांची. म्हणजे अकरावा आलेला अल्बम पहिल्या आलेल्या अल्बमपेक्षा वीस लाखांनी जास्त खपला.

क्रमांक आणि खप या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो, म्हणून हे कोडं वाटतं. यादी दर आठवड्याची असते. त्या सात दिवसांत कुणाचा माल किती उठला एवढंच ती सांगते, आणि त्या काळी तेही दुकानदारांना विचारून ठरायचं. गल्ल्यावरच्या प्रत्यक्ष विक्रीची मोजणी बिलबोर्डने १९९१ मध्ये सुरू केली. एखादा अल्बम पहिल्या महिन्यात धो धो खपतो, वर जातो आणि ओसरतो. दुसरा दर आठवड्याला बेताचाच जातो, पण जात राहतो. असं वर्ष-दीड वर्ष चाललं की बेरीज कुठल्या कुठे पोचते. ‘रॅप्चर’ या दुसऱ्या जातीचा. ही जात कंपन्यांना फारशी आवडत नाही, कारण त्यासाठी धीर धरावा लागतो आणि जाहिरातीचा खर्च लांबत जातो.

मार्च १९८६ मध्ये हा अल्बम बाजारात आला तेव्हा हवा पार वेगळी होती. व्हिटनी ह्यूस्टनचा पहिला अल्बम वर्षभराच्या वाटचालीनंतर त्याच महिन्यात यादीच्या शिखरावर पोचला होता. जॅनेट जॅक्सनचा ‘कंट्रोल’ महिनाभरापूर्वीच आला होता. लोखंडी पत्र्यावर हातोडा बसावा तसा त्यातला ताल. रन-डीएमसीचा ‘रेझिंग हेल’ मे महिन्यात येणार होता आणि रॅप संगीताला गोऱ्यांच्या घरात घेऊन जाणार होता. ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि व्हिडिओतला नाच या तीन गोष्टींशिवाय रेकॉर्ड निघणं अवघड झालं होतं. अशा वेळी अठ्ठावीस वर्षांची, बुटकी, केस बारीक कापलेली एक बाई आठ गाणी घेऊन आली. सगळी प्रेमाची, बहुतेक सगळी संथ. नाचायला त्यांतली एक-दोनच बरी.

या गाण्यांची जात सोलची. सोल म्हणजे चर्चमध्ये तयार झालेला गळा लौकिक प्रेमाकडे वळवणं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधलं गॉस्पेल आणि त्याच समाजातलं ब्लूज यांच्या मिलाफातून १९५० च्या दशकात ते घडलं. गॉस्पेलमध्ये देवाला जी आर्त हाक मारायची तीच इथे प्रियकराला मारायची, हातचं काही राखायचं नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही हाक यंत्रांच्या गलबल्यात दबत चालली होती. अनिता बेकरने ती परत आणली हे खरंच, पण एक बदल करून. तिने ओरडणं बंद केलं.

तिचा जन्म १९५८ चा, ओहायोतल्या टोलेडोचा, वाढली डेट्रॉइटमध्ये. दोन वर्षांची असताना आईने सोडून दिलं. ज्या घराने सांभाळलं तिथले पालक ती बारा वर्षांची असताना वारले, आणि पुढे त्या घरातल्या थोरल्या बहिणीने तिला वाढवलं. चर्चमध्ये गाणं सुरू झालं आणि सोळाव्या वर्षापासून शहरातल्या नाइट क्लबांत. डेट्रॉइट हे मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचं गाव. पण मोटाऊनने १९७२ मध्येच आपलं बिऱ्हाड लॉस एंजलिसला हलवलं होतं. मागे राहिले ते चांगले वादक आणि रिकामे स्टुडिओ. त्या वादकांपैकी काहींचा ‘चॅप्टर ८’ नावाचा बँड होता. १९७५ मध्ये ती त्यांची गायिका झाली. त्यात मायकल पॉवेल नावाचा गिटारवादक होता. हे नाव लक्षात ठेवावं, ते पुन्हा येणार आहे.

बँडचा अल्बम १९७९ मध्ये एरिओला कंपनीकडून निघाला. थोड्याच दिवसांत एरिओलाचा कारभार अरिस्टाकडे गेला आणि नव्या मालकांनी बँडला नारळ दिला. गायिकेत स्टार होण्याजोगं काही नाही, असं कारण आपल्याला सांगण्यात आलं, असं बेकरने पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. (व्हिटनी ह्यूस्टनही अरिस्टाचीच. कंपनीला गळ्याची पारख नव्हती असं म्हणता येणार नाही. तिला एका विशिष्ट प्रकारच्या गळ्याची पारख होती.) अनिता डेट्रॉइटला परतली. आधी वेट्रेसचं काम केलं, मग एका वकिलांच्या कचेरीत रिसेप्शनिस्ट म्हणून लागली. दरमहा ठरलेला पगार, वर आरोग्य विमा. बऱ्याच जणी इथेच थांबतात आणि त्यात काही चूक नाही.

१९८२ मध्ये ओटिस स्मिथ या गृहस्थाने तिला गाठलं. त्याची ‘बेव्हर्ली ग्लेन’ नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी लॉस एंजलिसमध्ये होती. हो-नाही करत तिने नोकरी सोडली. १९८३ मध्ये ‘द साँगस्ट्रेस’ निघाला, आणि त्यातलं ‘एंजल’ कृष्णवर्णीय रेडिओवर चांगलं गाजलं. नवख्या गायिकेच्या मानाने हे मोठंच यश होतं. पण दुसऱ्या अल्बमचं काही हलेना, आणि पहिल्याचे पैसे हातात पडत नाहीत अशी तिची तक्रार होती. १९८४ मध्ये वॉर्नर समूहाकडून चांगल्या अटींचं बोलावणं आलं. समूहातल्या इलेक्ट्रा कंपनीची सूत्रं तेव्हा बॉब क्रॅस्नॉकडे होती. तिने बेव्हर्ली ग्लेन सोडली. बेव्हर्ली ग्लेन कोर्टात गेली.

आता थोडं कायद्यात शिरावं लागेल. त्याशिवाय हा अल्बम जन्माला कसा आला ते कळत नाही.

गायकाने करार मोडला तर मालकाने काय करायचं, हा प्रश्न जुना आहे. योहाना वाग्नर या जर्मन गायिकेने, प्रसिद्ध संगीतकार रिचर्ड वाग्नरच्या पुतणीने, लंडनच्या लम्ली नावाच्या नाट्यगृहचालकाशी करार केला आणि १८५२ मध्ये जास्त पैसे मिळतात म्हणून ती प्रतिस्पर्धी कॉव्हेंट गार्डनकडे निघाली. न्यायाधीश म्हणाले, तिला जबरदस्तीने गायला लावणं आमच्या हातात नाही. पण दुसरीकडे गाण्यापासून रोखणं आहे. आपल्याकडेही कायद्याचे विद्यार्थी हा खटला वाचतात. कंपनीतला नट फोडून नेण्याचे किस्से मराठी रंगभूमीनेही भरपूर पाहिले आहेत, त्यामुळे यातला सूर आपल्याला अनोळखी वाटू नये.

कॅलिफोर्नियाने या तत्त्वाला १९१९ मध्ये वेसण घातली. असं रोखायचं असेल तर त्या कलावंताला करारानेच वर्षाला किमान सहा हजार डॉलरची हमी दिलेली हवी, असा तेव्हाचा नियम. त्यामागचा विचार सरळ होता. ज्याला तुम्ही नीट पैसे देता तो तुमच्यासाठी खरोखर मोलाचा आहे असं मानू. पण एक छदामही कबूल न करता कुणाचा गळा वर्षानुवर्षं कुलपात ठेवायचा असेल तर कोर्ट मदत करणार नाही. सहा हजार ही १९१९ मध्ये भलीमोठी रक्कम होती. १९८४ पर्यंत ती किरकोळ झाली होती. आणि तरीही बेव्हर्ली ग्लेनच्या करारात तेवढीही हमी नव्हती. ज्या अल्बमने दहा लाख डॉलरहून अधिक गल्ला जमवला होता त्याच्या गायिकेला वर्षाला सहा हजारांची खात्री कुणी दिली नव्हती.

कोर्टाने तिच्याविरुद्ध मनाई हुकूम नाकारला. तेव्हा बेव्हर्ली ग्लेनने मोर्चा वळवला आणि वॉर्नरलाच प्रतिवादी केलं: तिला नाही तर नाही, निदान तुम्ही तिला कामावर ठेवू नका असं तरी सांगा. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९८६ मध्ये हेही फेटाळलं. जे थेट मिळत नाही ते आडवाटेने मागता येणार नाही, असा निकालाचा मथितार्थ. नुकसानभरपाईचा मार्ग मोकळा होता. बाईला घरी बसवण्याचा नव्हता. करार शिकवणाऱ्या अमेरिकन पुस्तकांत या खटल्याचं नाव अजून येतं, आणि विद्यार्थी त्यावर उत्तरं लिहितात. त्यातली प्रतिवादीची गायिका कोण, हे त्यांच्यापैकी किती जणांच्या ध्यानात येतं कोण जाणे.

कोर्टाच्या या फेऱ्यांनी तिला एक गोष्ट शिकवली असणार, कारण इलेक्ट्राकडे तिने गाण्याआधी अधिकार मागितले. अल्बमची कार्यकारी निर्माती ती स्वतः. निर्माता म्हणून तिला मायकल पॉवेल हवा होता, तोच चॅप्टर ८ मधला गिटारवादक. कंपनीच्या पोटात गोळा आला. मोठ्या अल्बमचा अनुभव नसलेल्या माणसाच्या हाती एवढा खर्च द्यायचा? तिने ताणून धरलं. आठपैकी सात गाणी पॉवेलनेच केली. उरलेलं एक, ‘नो वन इन द वर्ल्ड’, दुसऱ्या निर्मात्यांकडे गेलं आणि माझ्या कानाला ते लगेच वेगळं पडतं. त्यातला चकचकीतपणा १९८६ चा आहे. बाकीच्या सातांवर वर्षाचा शिक्का शोधावा लागतो.

गाणी कुठकुठून आली ते पाहण्यासारखं आहे. ‘मिस्टरी’ हे रॉड टेम्पर्टनचं. इंग्लंडच्या क्लीथॉर्प्स गावचा हा गोरा माणूस. मायकल जॅक्सनचं ‘थ्रिलर’ त्याने लिहिलं. ‘मिस्टरी’ त्याआधी मॅनहॅटन ट्रान्सफर या चमूने गायलं होतं आणि फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ‘सेम ओल लव्ह’ मॅरिलिन मॅक्लाऊडने एका सहकाऱ्याबरोबर लिहिलं. मॅरिलिन डेट्रॉइटची, मोटाऊनसाठी लिहिणारी. आणि तिची सख्खी बहीण म्हणजे जॅझमधली अॅलिस कोल्ट्रेन, जिने तुरीयसंगीतानंद हे नाव घेऊन कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि ऑर्गनवर संस्कृत भजनं गायली. एका बहिणीची भजनं आश्रमातल्या कॅसेटवर आणि दुसरीचं प्रेमगीत लाखो मोटारींमधल्या कॅसेटवर. ‘वॉच युअर स्टेप’ आणि ‘बीन सो लाँग’ ही दोन गाणी बेकरची स्वतःची. ‘स्वीट लव्ह’ तिने लुई जॉन्सन आणि गॅरी बायस यांच्याबरोबर लिहिलं. जॉन्सन म्हणजे ‘ब्रदर्स जॉन्सन’मधला बास वाजवणारा.

‘स्वीट लव्ह’ कान देऊन ऐकलं तर अल्बमची सगळी रीत उलगडते. सुरुवात पियानोच्या उदास स्वरसंगतीने होते. शब्द गोड असले तरी चाल गोड नाही. मग तिचा आवाज येतो तो खालून. बायकांच्या आवाजाची जी पट्टी तेव्हा रेडिओवर चालायची तिच्या कितीतरी खाली, जवळजवळ खर्जात. पहिल्या ओळी ती गाते कमी आणि सांगते जास्त. शब्दांची टोकं ती खाऊन टाकते. व्यंजनं विरघळतात आणि स्वर लांबतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही काही शब्द कळत नाहीत अशी तक्रार असते, आणि मला ती तक्रार वाटत नाही. मुखड्याला आल्यावर आवाज चढतो, पण तिथेही ती स्वर थेट पकडत नाही. खालच्या स्वरावरून मींड घेत त्याच्यापर्यंत जाते, थोडी उशिरा पोचते, आणि तो उशीर तालात बसतो. ही सवय जॅझची. सारा व्हॉन आणि नॅन्सी विल्सन या गायिका तिने ऐकून ऐकून मुरवल्या होत्या. शेवटाकडे शब्द संपतात आणि नुसत्या अक्षरांवरच्या हरकती उरतात.

वाद्यं काय करतात? बहुतेक वेळ गप्प राहतात. रिकी लॉसनचे ड्रम, फ्रेडी वॉशिंग्टनचा बास, पाउलिन्हो दा कोस्ताची तालवाद्यं: अल्बमवरचे हे वादक लॉस एंजलिसचे नावाजलेले, हव्या त्या वेगाने वाजवणारे. पॉवेलने त्यांना दोन ओळींमधली जागा मोकळी ठेवायला लावली. आवाज त्या मोकळ्या जागेत रेंगाळतो. ड्रम मशीनच्या त्या जमान्यात हाताने वाजवलेला, किंचित मागे रेलणारा ताल ऐकणाऱ्याला ताबडतोब जाणवला असणार, भले त्याला कारण सांगता आलं नसेल.

सगळा अल्बम सुमारे ३७ मिनिटांचा. दुसरी बाजू पहिलीइतकी भक्कम नाही. पहिल्या बाजूची चार गाणी मात्र अशी लागली आहेत की सुई उचलावीशी वाटत नाही.

पण गाणी चांगली असणं आणि ती लोकांपर्यंत जाणं यांत मोठं अंतर असतं. ते अंतर कापून देणारी एक व्यवस्था अमेरिकेत दहा वर्षांपूर्वीच उभी राहिली होती. १९७५ मध्ये स्मोकी रॉबिन्सनने ‘अ क्वाएट स्टॉर्म’ नावाचा अल्बम काढला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या डब्ल्यूएचयूआर या रेडिओ केंद्रावर मेल्विन लिंडसी नावाच्या विद्यार्थ्याला निवेदनाची संधी मिळाली. केंद्राच्या व्यवस्थापक कॅथी ह्यूज यांनी त्याला पाठबळ दिलं. त्याने रात्रीच्या वेळी एकामागून एक संथ प्रेमगीतं लावली आणि मध्ये स्वतः हळू आवाजात मोजकंच बोलला. कार्यक्रमाचं नाव रॉबिन्सनच्या अल्बमवरून पडलं. बघता बघता मोठ्या शहरांतल्या कृष्णवर्णीय केंद्रांनी हा साचा उचलला, आणि ‘क्वाएट स्टॉर्म’ हे एका संगीतप्रकाराचंच नाव होऊन बसलं.

हे कार्यक्रम ऐकणारा वर्ग कोण होता? नागरी हक्कांच्या कायद्यांनंतर शिकलेली, नोकऱ्यांत स्थिरावलेली, तिशी-चाळिशीतली कृष्णवर्णीय माणसं. रात्री पोरं झोपल्यावर रेडिओ लावणारी. त्यांच्यासाठी रॅप फार लहान मुलांचं होतं आणि नाचगाणं शुक्रवारपुरतं. या वर्गाच्या हातात पैसा होता आणि एखादं गाणं आवडलं तर सिंगल न घेता तो अख्खा अल्बम घेत असे. संगीत कंपन्यांच्या लेखी हे गिऱ्हाईक जवळपास अदृश्य होतं. सगळं लक्ष किशोरांवर, कारण किशोर झुंडीने येतात आणि पहिल्या आठवड्यातच येतात. प्रौढ माणूस तीन महिन्यांनी येतो, दुकानदाराला गाण्याचं नाव न सांगता ते गुणगुणून दाखवतो, आणि घरी नेलेली कॅसेट झिजली की दुसरी घ्यायला पुन्हा येतो.

‘रॅप्चर’मधली गाणी एकेक करून, १९८६ आणि १९८७ या दोन्ही वर्षांत सिंगल म्हणून येत राहिली. ‘स्वीट लव्ह’ पॉप यादीत आठव्या आणि कृष्णवर्णीय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यानंतरचं ‘कॉट अप इन द रॅप्चर’ पॉप यादीत सदतिसाव्या जागी अडलं. पॉप केंद्रांनी एक गाणं घेतलं आणि पाठ फिरवली. क्वाएट स्टॉर्मच्या निवेदकांनी मात्र सगळाच अल्बम वाजवला, सिंगल नसलेली गाणीसुद्धा. पाच मिनिटांचं गाणं त्यांना लांब वाटत नव्हतं. रात्री कुणाला घाई असते? कृष्णवर्णीय अल्बमांच्या यादीत ‘रॅप्चर’ पहिला आला. फेब्रुवारी १९८७ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले, एक तिच्या गायनाला आणि एक ‘स्वीट लव्ह’ या रचनेला, आणि ज्यांनी तोवर नाव ऐकलं नव्हतं ते दुकानात गेले.

या खपातून कुणाला काय मिळालं? ‘प्लॅटिनम’ म्हणजे अमेरिकेच्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने दिलेलं दहा लाख प्रतींचं प्रमाणपत्र. मोजणी तेव्हा व्हायची ती कंपनीने दुकानांकडे रवाना केलेल्या मालाची, परत आलेला वजा करून. आणि हिशेब तपासून घेण्यासाठी अर्ज कंपनीनेच करायचा असतो. ‘रॅप्चर’कडे अशी पाच प्रमाणपत्रं आहेत. गायकाला प्रत्येक प्रतीमागे ठरावीक टक्के मिळतात, पण ते आधी कंपनीच्या खात्यातल्या उचलीत जमा होतात. स्टुडिओचं भाडं, वादकांचा मेहनताना आणि पुष्कळदा व्हिडिओच्या खर्चाचा वाटाही गायकाच्या नावावर लिहिलेला असतो. तो फिटेपर्यंत हातात दमडी येत नाही. लाखांनी रेकॉर्ड विकून कर्जात राहिलेल्या गायकांच्या कथा याच हिशेबातून येतात.

गीतकार-संगीतकाराचं तसं नाही. त्याला प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्याचे कायद्याने ठरलेले पैसे मिळतात, आणि ते सहसा कंपनीच्या उचलीत वळते होत नाहीत. १९८६ मध्ये हा दर होता गाण्याला पाच सेंट. क्षुल्लक वाटतो. दहा लाख प्रतींना गुणा: एका गाण्याचे पन्नास हजार डॉलर. त्यातला साधारण निम्मा वाटा प्रकाशकाचा. शिवाय गायक स्वतःच लेखक असेल तर त्याने पाऊणच दर घ्यावा असं कलम कंपन्या करारात घालायच्या. एवढं सगळं कापूनही अल्बममध्ये आपलं एखादं गाणं असणं म्हणजे घरचं शेत असण्यासारखं. ते सिंगल म्हणून गाजो न गाजो, अल्बम खपला की त्याचे पाच सेंट ठरलेले. पन्नास लाख प्रतींमागे ‘बीन सो लाँग’ला तेवढाच दर लागला जेवढा ‘स्वीट लव्ह’ला, आणि ‘बीन सो लाँग’ तिच्या एकटीचं होतं. आठांपैकी दोन गाणी एकटीची आणि एक तिघांतलं. हा वाटा तिने राखला हे ‘द साँगस्ट्रेस’च्या अनुभवानंतर अपघाताने घडलं असं मला वाटत नाही.

ऐकणाऱ्याला यातलं काहीच ऐकू येत नाही, आणि येऊही नये. या आठ गाण्यांतली बाई प्रेमात पूर्ण शरण गेलेली आहे, एखाद-दुसऱ्या गाण्यात सावध करते तेवढंच. मला गंमत वाटते ती ही की, गाण्यात इतकं हरवून जाण्याची मुभा तिला मिळाली ती कागदावर कुणालाच शरण न गेल्यामुळे. निर्माता तिचा, गाण्यांची निवड तिची, वेग तिचा. घाईत असलेल्या कंपनीच्या हाताखाली हा ठेहराव आला नसता. ‘द साँगस्ट्रेस’ ऐकून पाहा: गळा तोच आहे, पण मोकळी सोडलेली जागा कमी आहे.

यशानंतर नकला यायच्याच. कंपन्यांना अचानक प्रौढ गिऱ्हाईक दिसू लागलं आणि खालच्या पट्टीतल्या गायिकांना भाव आला. याची एक साखळी तर थेटच आहे. १९९२ च्या ‘बूमरँग’ चित्रपटासाठी गीतकार-निर्माता बेबीफेस आणि त्याच्या साथीदारांनी ‘लव्ह शुडा ब्रॉट यू होम’ हे गाणं बेकरला देऊ केलं होतं. ती गरोदर होती, तिने नकार दिला. मग ते टोनी ब्रॅक्स्टन या नव्या मुलीला मिळालं आणि तिथून तिची कारकीर्द सुरू झाली. तिचा पहिला अल्बम ऐकताना काही ठिकाणी ही जागा कुणासाठी आखली होती ते स्पष्ट कळतं.

१९९१ मध्ये इलेक्ट्राने ‘द साँगस्ट्रेस’ पुन्हा बाजारात आणला. ज्या अल्बमचा मालक तिला रोखायला कोर्टाची पायरी चढला होता तो अल्बम आता तिच्या नव्या कंपनीच्या यादीत आला.

कायद्याशी तिची गाठ आणखी एकदा पडायची होती. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की, कलाकृतीचे हक्क दुसऱ्याला दिले असतील तर पस्तीस वर्षांनी ते परत मागता येतात; नोटीस मात्र किमान दोन वर्षं आधी द्यावी लागते. नवखा कलावंत हक्क विकतो तेव्हा त्याला त्यांची किंमत माहीत नसते, बाजार ठरवेल तेव्हा त्याला आणखी एक संधी द्यावी, हा त्यामागचा हेतू. संगीत कंपन्यांना हे कलम डोकेदुखीचं वाटतं. ध्वनिमुद्रण हे नोकरीत केलेलं काम आहे, सबब मूळ मालक आम्हीच, असा त्यांचा युक्तिवाद असतो आणि त्यावर बरेच तंटे झाले आहेत.

१९८६ मध्ये पस्तीस मिळवले की २०२१ येतं. त्या वर्षी मार्चमध्ये अनिता बेकरने ट्विटरवर चाहत्यांना सांगितलं की माझे करार आता संपले आहेत, मूळ ध्वनिमुद्रणं, ज्यांना धंद्यात मास्टर म्हणतात, मला परत मिळायला हवीत, आणि ती मिळेपर्यंत माझी गाणी विकत घेऊ नका, ऑनलाइन वाजवूही नका. स्वतःच्याच गाण्यांवर बहिष्कार टाका म्हणून सांगणारी गायिका विरळाच. सप्टेंबरमध्ये तिने जाहीर केलं की मास्टर आपल्याकडे आले आहेत, आणि या कामी मदत केल्याबद्दल शिकागोच्या चान्स द रॅपरचे आभार मानले. ‘रॅप्चर’ निघाला तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता.

मास्टर परत मिळणं म्हणजे सगळंच मिळणं नव्हे. ध्वनिमुद्रण वेगळं आणि रचना वेगळी. कायदा दोन्हींची नोंद वेगवेगळ्या वहीत ठेवतो. २०२१ नंतरही ‘मिस्टरी’चे शब्द आणि चाल टेम्पर्टनच्याच खात्यावर राहिली, ‘सेम ओल लव्ह’ मॅक्लाऊड आणि तिच्या सहकाऱ्याच्या. बेकरकडे आलं ते तिने आणि पॉवेलच्या वादकांनी १९८६ च्या अल्बमसाठी ती गाणी जशी वाजवली-गायली ते.